वशिंडावरून माहेर दिसतं म्हणे

परभणीला परत आल्यापासून जो तो विचारतोय, डोंगर कसा होता. डोंगर चांगला होता. डोंगराबद्दल माझी काडीची तक्रार नाही. ज्यांच्याबद्दल आहे ते माझे सख्खे लोक आहेत, आणि हे वाचल्यावर त्यातले निम्मे माझ्याशी बोलणं टाकतील. टाकू देत. मालक म्हणतात, तुझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो. असतो. या खेपेला तो उगाच नव्हता, एवढं तुम्हीच वाचून सांगा.

जिंतूरच्या अलीकडे डोंगरांची रांग लागते. तिच्या पायथ्याला माझ्या पारूआत्याचं सासर. गावाच्या थेट डोक्यावर एक डोंगर आहे आणि त्याच्या माथ्यावर काळ्या खडकाचा उघडाबोडका उंचवटा. बसलेल्या बैलाच्या वशिंडासारखा दिसतो, म्हणून गाव त्याला वशिंडच म्हणतं. चढ काही फार नाही. सकाळच्या न्याहारीनंतर निघालेला माणूस उन्हं तापायच्या आत वर पोचतो. माणूस म्हणजे पुरुषमाणूस. बाईमाणसाला अर्ध्या वाटेवर थांबवतात.

रविवार

मला अण्णांनी धाडलं होतं. माझे वडील झरीला कापडाचं दुकान चालवतात, पारूआत्या त्यांची थोरली बहीण. तिचा एक डोळा गेलाय आणि दुसरा जायच्या वाटेवर आहे, असा निरोप आला. परभणीत आमच्या घराजवळ डोळ्यांचे एक डॉक्टर आहेत, तर गिरजा, तू जा आणि तिला घेऊन ये, असं अण्णांनी सांगितलं. स्वतः का गेले नाहीत विचाराल तर दुकान. आमच्या घरातल्या पुरुषांना बहिणीपेक्षा दुकान जवळचं, हे मी अण्णांच्या तोंडावरही म्हटलेलं आहे.

सरकारी मोटारीनं फाट्यावर उतरले आणि पुढं गाडीवाटेनं चालत गेले. दोन्ही बाजूंना ज्वारी पोटरीत आलेली, बांधाला करडई. आत्या ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी समोर उभी राहिले तरी तिनं मान वर केली नाही. हाक मारल्यावर म्हणाली, "गिरजे, तू व्हय? म्या म्हनलं, कुनी तरी उभं राह्यलंय उनात."

"आत्या, तुला किती दिसतं?"

"तू दिसायलीस की. नाक-डोळं तेवढं दिसंनात."

मी म्हटलं, उद्याच निघू. तर ती नको म्हणाली. उद्या सोमवार, पौषातला शेवटचा. त्या दिवशी त्या गावात डोंगराचं जेवण असतं. सगळी लिंगायत घरं डोंगरावर जातात, तिथंच रांधतात, तिथंच जेवतात. ते झाल्यावर येते म्हणाली. मग आवाज उतरवून म्हणाली, "एक डाव वशिंडावर जाऊन झरी बगायची हाय मला. डोळा हाय तवर."

मी विचारलं, वरून झरी दिसते?

"दिसती तर. तुजे आतोबा दरसाली बगत्यात. आपल्या परसातली चिंच सुदिक दिसती त्यास्नी."

ही चिंच समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्या झरीच्या घराच्या मागं थोरली चिंच होती. आत्या तिच्यावर झोके घेऊन वाढली. ती सासरी निघायची तेव्हा माझी आजी त्या चिंचेखाली उभी राहायची आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत हलायची नाही. आजी गेली तेव्हा आत्या आली होती, बैलगाडीतून, अख्खा दिवस मोडून. त्यानंतर ती झरीला आलेली नाही. माहेरी जाते म्हटलं की आतोबा म्हणत, कशाला हाडं खिळखिळी करून घेतेस, वशिंडावरून बघून येतो की मी. आणि दर वर्षी डोंगरावरून उतरले की सांगत, दिसली गं तुझी चिंच, हिरवीगार आहे, सगळी बरी असतील. आत्याला तेवढं पुरायचं. पुरवून घ्यायची.

मी ऐकत होते आणि माझी मान ताठ होत होती. कारण ती चिंच गेल्या उन्हाळ्यातल्या वादळात मुळासकट पडली. माझ्या डोळ्यांदेखत तिचे ओंडके फोडले. अण्णांनी बजावलं होतं, पारूला कळू देऊ नका, तिचा जीव आहे त्या झाडावर. महायुद्धामुळे रॉकेल मिळेना म्हणून आत्याच्या घरी रविवारी संध्याकाळी करडईच्या तेलाचा दिवा लावला होता. त्या मिणमिण उजेडात आत्या कशी हसत होती ते बघून मी गप्प राहिले. म्हटलं, उद्या आतोबांना काय दिसतं ते बघू.

सोमवार

सकाळी गाव निघालं. बायकांच्या डोक्यावर पिठाची पाटी, तेलाची बुधली, तवे, कढया, वांगी, जळण, कडेवर पोरं. पुरुषांच्या डोक्यावर फेटे. मी हे मुद्दाम गंमत म्हणून लिहीत नाही, खरंच त्यांच्या हातात काही नव्हतं. आतोबांचा धाकटा भाऊ नागप्पा एक वेताची काठी फिरवत पुढं चालला होता आणि मागं वळून बायकांना म्हणत होता, "उरका की."

वाट मात्र छान आहे. गावामागं निवडुंगाचं कुंपण ओलांडलं की सीताफळीची झुडपं लागतात, मग सालईची झाडं, पांढुरक्या बुंध्यांची. बोरं पिकली होती. गवत वाळून सोन्यासारखं झालेलं, पण त्याची कुसळं लुगड्याच्या काठात घुसतात आणि प्रत्येक पावलाला घोट्याला टोचतात. मी एका दगडावरून घसरले आणि पाटीतली निम्मी वांगी खाली गडगडत गेली. नागप्पा बघत उभा राहिला. आत्यानं, जिला धड दिसत नाही तिनं, चाचपून चाचपून वांगी गोळा केली.

अर्ध्या वाटेवर एक सपाटी येते. तिला चुलीचा माळ म्हणतात. तीन-तीन दगडांच्या चुली तिथं कायमच्या मांडलेल्या आहेत, वर्षानुवर्षांच्या जाळानं काळ्या पडलेल्या. बायकांनी ओझी उतरवली. पुरुषांनी फेटे सारखे केले आणि वशिंडाच्या वाटेला लागले.

मी आत्याचा हात धरला आणि त्यांच्या मागं निघाले.

नागप्पानं काठी आडवी धरली. "कुटं निगाली?"

"वर."

"बाया वर जात न्हाईत."

"का?"

"रीत हाय."

मी म्हटलं, मला रीत सांगू नका. आपण लिंगायत. माझ्या गळ्यात लिंग आहे, आत्याच्या गळ्यात आहे, तुमच्या गळ्यात आहे तेच. आपल्यात बाई विटाळशी असली तरी लिंगपूजा चुकवत नाही. ज्या देवाला बाईचा विटाळ नाही, त्याच्या डोंगराला कुठून आला? पोखर्णीला नरसिंहाच्या दारात मी रांगेत सगळ्यात पुढं उभी राहून दर्शन घेतलेलं आहे, मला तिथं कुणी काठी आडवी घातली नाही. तुमच्या वशिंडावर कोण देव बसलाय ते तरी कळू दे.

नागप्पा आतोबांकडे वळला. "दादा, शहरातली पोरगी हाय. तुमीच सांगा."

आतोबा मोठे गोड माणूस. कधी आवाज चढवत नाहीत. मला ओरडणारा माणूस परवडतो, त्याच्याशी भांडता येतं. आतोबा हसून म्हणाले, "गिरजाबाई, वर वारं लय असतं. तुमच्या आत्याला डोळ्यानं दिसंना. पाय घसरला तर? मी हाय की. मी बगून येतो आन सांगतो."

आत्यानं माझा हात सोडला. "ऱ्हाऊ दे गिरजे. चूल पेटवू," म्हणाली. मला तिचाही राग आला. बाकीच्या बायका तर मी काही वंगाळ बोलल्यासारख्या माझ्याकडे बघत होत्या.

जेवण उत्तम झालं, ते लिहायला हवं. ज्वारीच्या भाकऱ्या, वांग्याचं भरीत, भाजल्या डाळी-मसाल्याच्या येसराची आमटी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, तिळाची चटणी. डोंगरावरच्या वाऱ्यात आमटीचा वास काही वेगळाच येतो. पण बायकांच्या पंगतीत मी चार घासांवर उठले, कारण आधी पुरुषांच्या पंगतीत झालं ते असं. पुरुष वरून उतरले, दर्शन झाल्यासारखी तोंडं करून पानांवर बसले. आत्या आतोबांना वाढत होती. ती नुसती वाकून थांबली.

"दिसली गं तुजी चिंच," आतोबा भाकरी मोडत म्हणाले. "आज हवा साफ व्हती. हिरवीगार हाय. चिंचा लागल्यात वाटतं."

चिंचा लागल्यात. माझ्या हातातला तांब्या मी इतक्या जोरात ठेवला की पाणी आतोबांच्या धोतरावर उडालं. आत्या मात्र हसली आणि तिनं त्यांच्या पानात आणखी एक भाकरी वाढली. मला रडू आलं ते रागानं. ती एवढी वर्षं हीच एक बातमी खाऊन जगली होती, आणि बातमी देणाऱ्याला ती देताना घाससुद्धा थांबवावा लागत नव्हता. मी तिथंच बोलणार होते. पण सगळ्या गावासमोर तिला उघडं पाडायचं म्हणजे तिचीच शोभा झाली असती, म्हणून ओठ घट्ट मिटले.

मंगळवार

सकाळी पुरुष न्याहारीला बसले. आत्या चुलीपुढं जाऊन परत आली आणि म्हणाली, "तवा वरच ऱ्हायला."

आतोबा म्हणाले, "कुटं वर?"

"चुलीच्या माळावर. जुना लोखंडी. माज्या सासूचा. दुसऱ्या तव्यावर भाकरी करपती."

आतोबांचा चेहरा पडला. नागप्पा कुणा गड्याला पाठव म्हणाला, तर आत्या म्हणाली, "गडी कुनाचाबी तवा आनंल. मी अन् गिरजा जाताव. तवर दूध प्या." आणि काठी घेऊन उठलीसुद्धा. पुरुषांना भाकरी हवी होती, त्यामुळे रीत कुणाला आठवली नाही.

निवडुंगाच्या कुंपणापाशी मी म्हटलं, आत्या, काल सगळी भांडी मी स्वतः मोजून घेतली होती, तवा कसा राहिला?

"ऱ्हायला न्हाई," आत्या म्हणाली. "ठिवला. तुजं मोजून झाल्यावर. सालईच्या मागं."

तिच्याबद्दलचा माझा कालचा राग तिथंच उतरला. चुलीच्या माळापर्यंत ती माझ्या पुढं चालली. ती वाट तिच्या पायांना पाठ होती. पुढं मात्र नवी वाट, मोठे दगड, उघडा खडक. मी एक पाय ठेवायची, मग तिचा पाय हातानं धरून त्या जागी ठेवायची. शेवटचा चढ आम्ही दोघी चक्क बसून, हातांवर रेटत चढलो. लुगड्याचं पार चिरगूट झालं. वारं होतं, आतोबा त्यात खोटं बोलले नव्हते.

वर पोचलो. मी आधी देव शोधला. देव नाही, शेंदूर नाही, नंदी नाही, बेलाचं वाळलेलं पानही नाही. सपाट खडकावर वाघबकरीचा पट कोरलेला आहे. कित्येक पिढ्यांनी घासून घासून त्याच्या रेघा बोटभर खोल केल्या आहेत. शेजारी सोंगट्यांच्या जागी वापरलेले खडे, विड्यांची थोटकं, आणि खडकातल्या पाण्याच्या खळग्यात पानाच्या पिंका. एवढ्यासाठी काठी आडवी घातली होती. बायका खाली भाकरी थापतात तोवर हे वर वाघबकरी खेळतात, आणि खाली येऊन तोंड धुतल्यासारखे सात्त्विक होतात. मी आत्याची बोटं त्या रेघांवरून फिरवली. तिनं एकदा फिरवली, परत फिरवली.

दृश्य मोठं आहे. सकाळचं ऊन तिरपं पडलं होतं. जिंतूरच्या बाजूला डोंगरामागं डोंगर, निळे होत गेलेले. खाली आत्याचं गाव मुठीत मावेल एवढं, मळ्यांचे चौकोन, कुठल्याशा नदीची चकचकीत रेघ. त्यानंतर मी झरीकडे तोंड केलं. ज्या सडकेनं मी झरीवरून मोटारीतून आले तिच्यावरून दिशा चुकायचं काहीच कारण नव्हतं.

झरीच्या बाजूला डोंगराची दुसरी सोंड आडवी आली आहे. वशिंडाहून उंच. तिच्यापलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. चिंच पडली नसती तरी दिसली नसती. आजी असती तरी दिसली नसती. त्या खडकावरून झरी कधीच, कुणालाच दिसलेली नाही.

आत्या पदर सावरून उभी राहिली होती. उजेडाकडे तोंड करून, डोळे बारीक करून. "मला नुस्तं पांढरं दिसायलंय," ती म्हणाली. "तू बग. दिसायली का?"

डोळे होते तेव्हा तिला चुलीपाशी बसवलं, आणि डोळे गेल्यावर मी तिला वर आणलं. मला त्या क्षणी आतोबा, नागप्पा, अण्णा, झाडून सगळ्यांना ओळीनं उभं करून बोलावंसं वाटलं. आणि हो म्हणणं किती सोपं होतं. दिसते आत्या, हिरवीगार आहे. एका शब्दात ती आनंदानं खाली उतरली असती. आतोबांना हा शब्द दर वर्षी इतका सहज कसा सुचत होता ते मला तिथं कळलं, आणि त्याचीच जास्त चीड आली.

मी म्हटलं, "आत्या, झरी इथून दिसत नाही. मधे डोंगर आहे."

तिनं तोंड माझ्याकडे वळवलं.

"आणि चिंच गेल्या उन्हाळ्यात वादळानं पडली. अण्णा सांगू नको म्हणाले होते."

आत्या खाली बसली. वाऱ्यात तिचा पदर फडफडत होता. मला वाटलं रडेल, शिव्या देईल. मी तिच्या वाटच्याही शिव्या द्यायला तयार होते. तिनं गळ्यातली चांदीची डबी काढली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि म्हणाली, "पूजा ऱ्हायलीय माजी. पानी दे."

मी आणलेल्या तांब्यात चढताना सांडून घोटभर पाणी उरलं होतं. तेवढ्यात तिनं पूजा केली. वाघबकरीच्या पटावर मांडी घालून, तळहात डोळ्यांच्या अगदी जवळ धरून. मग म्हणाली, "चल. भुकेली असतील."

उतरताना सालईच्या मागून तवा घेतला.

घरी पुरुष ओसरीवर ताटकळत बसले होते. नागप्पा म्हणाला, "तवा आनायला गेलता का घडवायला?"

"वर गेलताव," आत्या म्हणाली. "वशिंडावर."

नागप्पानं आतोबांकडे बघितलं. आतोबा माझ्याकडे बघून हसले, पण ते हसू नेहमीचं नव्हतं. मग त्यांनी सवयीनं तेच गोड बोलणं काढलं. "बरं झालं. मंग, दिसली का चिंच?"

आत्या चुलीपुढं बसली, तवा ठेवला, पिठात पाणी घातलं. "दिसली," म्हणाली. "पडलीया."

आतोबा उठून उभे राहिले. "पडली? कवा?"

"मला काय इचारता?" आत्या पीठ मळत म्हणाली. "काल तुमीच बगितली की."

बुधवार

परतीच्या मोटारीत आत्या माझ्याशेजारी खिडकीला बसली होती. ती जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसत होती. आतोबा फाट्यापर्यंत पोचवायला आले, गाठोडं त्यांनी उचललं. लवकर ये म्हणाले. आत्या म्हणाली, बगू.

मी रात्रीची झोप राहिल्यानं जरा डुलकी घेतली. जाग आली ती आत्यानं माझं मनगट घट्ट धरलं म्हणून. मोटार थांबली होती आणि वाहक दारात उभा राहून ओरडत होता, झरीवाले उतरा, झरी.

आत्या त्या आवाजाकडे तोंड करून बसली होती.

"इतक्यात?" ती म्हणाली.